मी मोजलेली मंदी

मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांना मी पहिला प्रश्न विचारला तो देशातल्या लोखंडाच्या साठ्याबद्दल. पाहुणे म्हणजे सुभेदार लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी ऊस असलेले, आणि त्यांचा मुलगा बाळासो. बाळासोचं कुपवाडला दोन लेथ मशिनांचं वर्कशॉप होतं. सुभेदारांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "साठ्याचं काय ठाऊक न्हाई. मला लागतंय तेवढं मिळतंय." अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अपुरं होतं. माझी बायको अंजना दाराआडून बांगड्या वाजवून मला गप्प राहायला सांगत होती, पण बापाची काही कर्तव्यं असतात.

हे सत्त्याहत्तर सालच्या सप्टेंबरातलं. गणपती अजून बसलेले होते. मी तेव्हा आकडे गोळा करणाऱ्या एका सरकारी खात्यात सांगलीला कारकून होतो. खात्याचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन तिथूनच येतं. पाहुणे यायच्या चार दिवस आधी मुंबईच्या एका साप्ताहिकात मी एक लेख वाचला होता. मंदी एकदम येत नाही, आधी तिची लक्षणं दिसतात. मोठे आकडे छापून येईपर्यंत सहा महिने जातात, तोवर शहाण्या माणसाने आपल्या आसपासचे लहान आकडे बघावेत. आणि मंदी आली की पहिला दणका बसतो तो लहान कारखान्यांना. शेवटचं वाक्य वाचल्यापासून मला दोन लेथ मशिनं डोळ्यांसमोर दिसत होती.

दुसरं एक स्थळ माझ्या मनात होतंच. आमच्याच कार्यालयातला जोतिबा, मूळचा आटपाडीचा. बोलायला कमी, दिसायला बेताचा, पण कायम. सरकारी नोकरीला मंदी शिवत नाही. विजयमालेला मी त्याच्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आण्णा, त्यांच्याकडं बघितलं की रजेचा अर्ज आठवतो." विजयमाला ही आमची एकुलती एक मुलगी. बी. ए. झालेली आणि मराठी टायपिंगच्या परीक्षेत तालुक्यात दुसरी आलेली.

बाळासोला मात्र तिने त्या दिवशी आपण होऊन प्रश्न विचारला. "रविवारी मशीन बंद असतं का?" तो म्हणाला, "मशीन बंद असतंय, मी चालूच असतोय." यावर ती हसली, तोही हसला, आणि ट्रेमधला चहा थोडा सांडला. त्या हसण्याची मी नोंद घेतली नाही. ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

निघताना सुभेदार म्हणाले, "पावनं, आमची पसंती हाय. पितर होऊ द्यात, दसऱ्याला सुपारी फोडू. पन तुमचं काय असंल ते लेखी कळवा. फौजेत तोंडी आर्डर कोन मानत न्हाई."

मी म्हणालो, "आकडे बघून कळवतो." सुभेदारांना हे हुंड्याबद्दल वाटलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "आमाला काय नको हाय." त्यांचा गैरसमज दूर करायला वेळ नव्हता, एस. टी. सुटत होती.

आता कामाला लागणं भाग होतं. सुदैवाने माझ्याकडे पाया पक्का होता. आदल्या वर्षी, म्हणजे शहात्तर सालच्या एक ते दहा ऑक्टोबरला, खात्याने माझ्याकडून सांगलीच्या बाजाराची पाहणी करून घेतली होती. कोणत्या दुकानात किती गिऱ्हाईक, कोणत्या रस्त्याला किती सायकली, सगळं. तिची कार्बन प्रत माझ्या ट्रंकेत होती. यंदा त्याच तारखांना, त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा मोजायचं आणि फरक काढायचा. शास्त्र म्हणतात ते याहून वेगळं काही नसतं.

एक ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता मी कोंडीबाच्या केशकर्तनालयात जाऊन बसलो. गेल्या वर्षी आठ ते दहा या वेळेत तिथे सरासरी अडतीस डोकी येऊन गेली होती. यंदा तीन आली. त्यातलं एक माझं होतं, आणि दुसरं कोंडीबाच्या सासऱ्याचं, जो फक्त पेपर वाचायला आला होता. नुसतं बसून आकडे घेणं बरं दिसेना म्हणून मी दाढी करायला खुर्चीत बसलो. कोंडीबाने वस्तरा हातात घेतला आणि थांबला.

"सायेब, आज करायची?"

"हो."

"नक्की?"

"का? वस्तऱ्याला धार नाही का?"

"तसं न्हवं. तुमची मर्जी. ह्या दिवसांत कोन येतंय आमच्याकडं!"

हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. व्यापारी माणूस स्वतःच्या तोंडाने मंदी कबूल करतो असं फार क्वचित घडतं. त्यानंतर दहा दिवस मी रोज दाढी केली. पाचव्या दिवसापासून हनुवटी जळजळायला लागली, पण आकडेवारीत खंड पडू दिला नाही.

कोंडीबाकडून मी मारुती चौकात सुलाबाई कासारणीकडे जात असे. गेल्या वर्षी तिच्यापुढे बायकांची झुंबड होती आणि मला गर्दीच्या बाहेर उभं राहून मोजावं लागलं होतं. यंदा ती एकटी बसून बांगड्यांचे तोडे कागदात गुंडाळत होती. "आत्ता कोन भरनार बांगड्या, दादा?" ती म्हणाली. मी शून्य लिहिलं. दुपारी पुन्हा गेलो, पुन्हा शून्य. संध्याकाळी गेलो तेव्हा तिने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "कुनासाठी पायजेत?" मी म्हणालो, कोणासाठी नको, फक्त चौकशी. एक मध्यमवयीन माणूस रोज तीन वेळा येऊन बांगड्यांची चौकशी करतो आणि घेत मात्र नाही, ही बातमी चौथ्या दिवशी आमच्या घरी पोचली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

शेजारच्या तात्याबांना माझं काम पटलं होतं, पण पद्धत पटली नव्हती. तात्याबा जकात नाक्यावर तीस वर्षं कारकून होते, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं मत असे. ते म्हणाले, "आवं, दाढीवर मंदी कळत न्हाई. मी सांगतो. कुपवाडच्या रस्त्याला हुबं ऱ्हावा आन सायकली मोजा. पैल्या भोंग्याला किती मानूस कामावर जातंय, त्यात समदं आलं." हे मला मानावं लागलं. गेल्या वर्षीच्या पाहणीत तोही आकडा होताच. सकाळी सात ते आठ, सहाशे बारा सायकली आणि त्रेचाळीस फटफट्या.

पहिल्या दिवशी मोजणीसाठी मी खिशात हरभरे नेले. दर दहा सायकलींना एक हरभरा उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचा. आठ वाजता लक्षात आलं की डाव्या खिशातले काही मी खाल्ले होते. ती नोंद बाद करावी लागली. दुसऱ्या दिवशी खडे नेले. तीनशे अठ्ठ्याऐंशी सायकली आणि एकोणीस फटफट्या. आकडा बघून माझ्याच अंगावर काटा आला.

खडे मोजणारा माणूस रस्त्याच्या कडेला दिसला की लोकांना राहवत नाही. एकाने मी युनियनचा का म्हणून विचारलं, दुसऱ्याने प्रॉव्हिडंट फंडाचा का म्हणून विचारलं, आणि तिसऱ्याने काहीच न विचारता आपल्या साठलेल्या रजांची हकिकत सांगितली. त्याची हकिकत ऐकताना माझ्या हातून वीस-पंचवीस सायकली निसटल्या. तेवढ्यात एक सायकल कच्चकन थांबली. बाळासोच्या वर्कशॉपमधला मिस्त्री केरबा. मुलगी बघायच्या दिवशी तो सुभेदारांच्या बरोबर आला होता आणि त्याने पोहे दोनदा घेतले होते.

"आवं, तुमी आमच्या शेटचं सासरं न्हवं? हितं उनात का हुबं? चला वर्कशॉपात."

अजून सासरा ठरलो नसल्याचं मी त्याला सांगत होतो, तोवर त्याने मला कॅरियरवर बसवलं होतं. होणाऱ्या जावयाच्या कारखान्यात सासऱ्याने खिशात खडे घेऊन, दुसऱ्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसून जाणं हे माझ्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं. पण आतून बघायची संधी आयती मिळाली होती.

एक लेथ चालू होतं, एक बंद. पाच कामगारांपैकी तीन हजर. बाळासो हात पुसत पुढे आला, चहा मागवला, विजयमालेचं टायपिंग कसं चाललंय विचारलं. मी थेट मुद्द्यावर आलो. "ते मशीन बंद का?"

"आकारामचं हाय ते. त्येच्या आज्याचा म्हाळ हाय आज. गावाकडं गेलाय."

"आणि पाचवा?"

"त्यो आकारामच्या म्हाळाला जेवाय गेलाय." असं म्हणून तो हसला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. अडचणीत आलेला कारखानदार हसून वेळ मारून नेतो, असं लेखात स्पष्ट लिहिलेलं होतं. बाहेर आल्यावर मी वहीत लिहिलं: कामगार कपात, चाळीस टक्के. मुलगा चांगला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर वाईट वाटत होतं.

सहा तारखेला आमच्याकडे माझ्या वडिलांचा म्हाळ होता. मी कोंडीबाकडून नेहमीप्रमाणे दाढी करून घरी आलो, आणि अंजनाच्या हातातला झारा तसाच राहिला.

"मामंजींचा म्हाळ, आन तुमी तोंड तासून आलासा? ह्या पंधरवड्यात कोन जातंय का न्हाव्याकडं?"

"तेच तर मी सांगतोय! कोणी जात नाही. गेल्या वर्षी याच तारखेला तिथे अडतीस जण होते."

"पंचांग बघा जरा."

"अर्थशास्त्र पंचांगावर चालत नाही," मी म्हणालो. "धर्माची आणि बाजाराची गल्लत करू नकोस." माझ्या मते हे वाक्य चांगलं होतं. अंजना वडे तळायला लागली.

कावळ्याचं पान छपरावर ठेवलं. कावळा येईना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, भटजींनी घड्याळ बघितलं. तात्याबा त्यांच्या छपरावरून म्हणाले, "आवं, आज दर घरावर पान हाय. कावळा तरी किती खानार?" मी जागच्या जागी थांबलो. माल भरपूर आणि उठाव नाही. मंदीचं याहून शुद्ध उदाहरण मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मी आत जाऊन वही आणली.

दहा तारखेला पाच आलेख तयार झाले. दाढ्या, बांगड्या, सायकली, शिंप्याकडचे मापाचे कपडे आणि स्टँडजवळच्या बँडवाल्यांची कामं. पाचही रेषा डावीकडून उजवीकडे उतरत होत्या. टेबलावर पसरून मी ते बघत होतो, तेव्हा आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी आलेख उचलले, उजेडाला धरले, आणि म्हणाले, "सुबक आहेत. एक संच माझ्या नावाने वर पाठवतो." त्यांनी तो खरोखरच पुण्याला पाठवला. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं, याचं मला दोन दिवस वाईट वाटलं. पुढच्या मार्चमध्ये वरून साहेबांना पत्र आलं, की अहवालातील मंदीची सद्यःस्थिती तीन प्रतींत कळवावी. तेव्हा मात्र नाव नसल्याचं मला तितकंसं वाटलं नाही.

ऑक्टोबरात मात्र मला एवढंच दिसत होतं की माझ्या मुलीचं आयुष्य एका बंद पडत चाललेल्या वर्कशॉपला बांधलं जात होतं. मी निर्णय घेतला. विजयमालेला वही-पेन्सिल घेऊन समोर बसवलं आणि पत्र सांगितलं. "सबब, देशातील व विशेषतः सांगली शहरातील आर्थिक परिस्थिती लक्षात घेता, प्रस्तुत स्थळाचा विचार तूर्त करता येत नाही. सोबत आलेख पाच. कळावे."

ती लिहीत होती. "तूर्त का कायमचा?"

"तूर्त लिही. सौजन्य म्हणून."

"नक्की, आण्णा?"

"आकडे समोर आहेत, बाळ."

"प्रती किती?"

"दोन. एक फाईलला."

तिचा चेहरा मी बघितला नाही. मी सायकलींच्या रेषेवर तांबडी शाई फिरवत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टाईप केलेले कागद घेऊन आली. आमच्या खात्यात कारकून कागदावर पेन्सिलीने फुली मारून आणतो आणि वरिष्ठ त्या फुलीवर सही करतो. मला अठ्ठावीस वर्षांत वरिष्ठ होता आलं नव्हतं, पण घरी ती पद्धत चालू होती. चहाचा कप डाव्या हातात होता. मी दोन फुल्यांवर दोन सह्या केल्या. पाकीट तिनेच बंद केलं आणि मी ते रजिस्टर करून आलो, पोचपावतीसह. पोचपावती परत आली, तिच्यावर सुभेदारांची सही होती. उत्तर काही आलं नाही. मानी माणूस उत्तर देत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला.

तेरा तारखेला घट बसले. मी सकाळी कोंडीबाकडे गेलो तर दुकानाबाहेर रांग. "आत्ता जमायचं न्हाई, सायेब," तो आतून ओरडला, "परवा सांजचं या!" मी वहीत लिहिलं: तात्पुरती उसळी. सोळा तारखेला मारुती चौकात सुलाबाई गर्दीत दिसेना. तात्पुरती उसळी, दोन. अठराला कुपवाड रस्त्यावर सहाशे एकाहत्तर सायकली मोजल्या आणि खडे कमी पडले. बँडवाले आमच्या खिडकीखालून वाजवत गेले. माझी रेषा आलेखाच्या कागदाबाहेर जायला लागली, तेव्हा वर आणखी एक कागद चिकटवला. साहेबांना दाखवला तर ते म्हणाले, "अहवाल वर गेलेला आहे. आता नवीन आकडे कार्यालयात आणू नका."

वीस तारखेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अंजनाने सुलाबाईला बांगड्या भरायला घरी बोलावलं. मी बाहेरच्या खोलीत चिकटवलेल्या कागदापुढे बसलो होतो. सुलाबाईने अंजनाचा हात धरल्या धरल्या मला विचारलं, "काय दादा, आता न्हाई येत बांगड्या इचाराय?"

मी म्हणालो, "गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे झुंबड होती. यंदा तेव्हा एक डझनसुद्धा गेल्या नाहीत, आणि आता अचानक ही गर्दी. याचं कारण सांगाल?"

"आवं, कारन काय! गेल्या साली तुमी आला व्हता तवा दसरा व्हता की! माज्याकडनं सोनं घिऊन गेलासा. आन यंदा तवा पितर व्हतं. पित्रात कोन बांगड्या भरतंय? यंदा धोंड्याचा म्हैना आला न्हवं श्रावनात? समदं म्हैनाभर म्होरं सरकलंया. तुमी तारखंवर मोजताय, गिऱ्हाईक तिथीवर येतंय."

त्या धोंड्याच्या महिन्यात मला आष्ट्याला सासऱ्यांनी जावई म्हणून जेवायला घातलं होतं. तेहेतीस अनारसे, धोतरजोडी आणि चांदीचं निरांजन. निरांजन देवघरात समोरच होतं. मी तिकडे बघायचं टाळलं.

आकडे चुकल्याचं दुःख मला नव्हतं, आकडे चुकतात. पण एका सरळ, कष्टाळू मुलाला मी माझ्या कारकुनीपायी नकार कळवला होता, आणि तो नकार माझ्याच मुलीकडून टाईप करून घेतला होता. त्या वेळी ती काय विचार करत असेल, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं. मी अंजनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जावा. पाय धरा सुभेदारांचं."

विजयमाला उंबऱ्याशी रांगोळी काढत होती. ती म्हणाली, "आण्णा, उद्या सण आहे. परवा जा की. नाहीतर जाऊच नका, होईल सगळं." तिच्या मोठ्या मनाचं मला इतकं कौतुक वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "नाही बाळ, चूक माझी आहे."

दसऱ्याच्या दिवशी पहाटे पाचच्या एस. टी.ने निघालो, कऱ्हाडला गाडी बदलली, शेवटचे तीन मैल चाललो आणि साडेनऊला सुभेदारांच्या दारात उभा राहिलो. त्यांची बायको बनुबाई परसात तुळशीला पाणी घालत होती.

"ते न्हाईत, पावनं. कालच कुपवाडला गेल्यात. आज मशिनाची पूजा हाय न्हवं."

कुपवाड माझ्या घरापासून सायकलवर पंचवीस मिनिटं. मी ओट्यावर बसलो. जरा वेळाने धीर करून विचारलं, "माझं पत्र वाचून सुभेदारांना फार लागलं का हो?"

"वाचलंय कुटं? पित्रात आलं ते. सोयरिकीचं पाकीट पित्रात कोन फोडतंय? मग घटाचं दीस हुतं, तवर देवाम्होरं ठिवलं. आज म्हूर्तावर फोडनार म्हनून संगं घिऊन गेल्यात."

"मुहूर्त कधी?"

"दोन का अडीच वाजता म्हनं. आवं, पानी तरी प्या!"

मी पाणी न पिताच पळालो. त्या वयात तीन मैल पळणं माझ्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं, पण कऱ्हाडची गाडी मिळाली. कऱ्हाडला सांगलीची गाडी फलाटाला लागलेली होती आणि सुटत नव्हती. ड्रायव्हर-कंडक्टर मिळून तिची पूजा करत होते. बॉनेटला झेंडूची माळ, चारी चाकांखाली लिंबं. लिंबू एक कमी पडलं म्हणून कंडक्टर बाजारात गेला होता. मी त्याला विनंती करायला मागोमाग गेलो, तर तो मला म्हणाला, "सायेब, सन वर्सातनं एकदा येतोय." वर्षातून एकदा, पण कोणत्या तारखेला, ही चर्चा मला त्या दिवशी नको होती.

कुपवाडला पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. वर्कशॉपच्या दारात तोरण होतं. आत दोन्ही लेथना माळा, आणि कोपऱ्यात तिसरं, नवंकोरं, अजून गोणपाटात अर्धं गुंडाळलेलं. पाचही कामगार हजर, डोक्याला टोप्या. पहिल्या लेथवर हळद-कुंकू वाहिलेलं माझं रजिस्टर पाकीट, आणि सुभेदार त्याच्याकडे हात नेत होते.

"थांबा!" मी ओरडलो.

"या पावनं! टायमात आलासा. आता फोडायचंच हाय."

"सुभेदारसाहेब, ते मला परत द्या. मजकुरात दुरुस्ती आहे."

"देवाम्होरलं हाय ते. आता परत न्हाई जायाचं."

पाच कामगार, केरबा त्यात सगळ्यात पुढे, माझ्याकडे बघत होते. बाळासोही बघत होता. काही सुचेना, म्हणून खरं तेच बोललो. "त्यात मी नकार लिहिलाय. मंदी येणार असं मला वाटलं. मी तारखेवर मोजलं आणि अधिक महिना विसरलो. तुमची माणसं म्हाळाला गेली होती, मी ती कामावरून काढली असं लिहिलं. चूक माझी आहे. तुमचा मुलगा चांगला आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. तो नकार वाचू नका, एवढंच मागतो."

बाळासो स्वच्छ हात फडक्याला पुसत राहिला. सुभेदारांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पाकीट फोडलं आणि कागद मुलाच्या हातात दिला. "वाच. काय असंल ते असंल. आर्डर हाय ती."

बाळासोने आधी मनात वाचलं. मग घसा साफ करून मोठ्याने वाचलं.

"आपले चिरंजीव आम्हांस व मुलीस पसंत आहेत. दसऱ्यास सुपारी फोडण्यास हरकत नाही. वडील सध्या मंदी मोजत असल्याने त्यांच्याकडून काही निराळे कळविले गेल्यास ते पितृपक्ष संपेपर्यंत विचारात घेऊ नये. सोबत आलेख पाच. ते वर्कशॉपात भिंतीस लावण्यास उपयोगी पडतील. कळावे."

खाली माझी सही होती. फुलीवर, बरोबर.

सुभेदारांनी कागद स्वतः हातात घेऊन सही बघितली. "ह्यात तर व्हकार हाय की! आन वडील म्हंजी कोन? तुमचं वडील? त्येंचा तर तुमी म्हाळ घालता न्हवं?"

"होय," मी म्हणालो, "तेच." केरबाने मला स्टूल दिलं. सुपारी तिथेच, लेथवर, हातोडीने फोडली.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. विजयमालेने आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि पायाला हात लावला. मी विचारलं, "मी सांगितलेलं टाईप का केलं नाहीस?"

"केलंय की, आण्णा. फाईलला लावलंय. एक चूक नाही त्यात."

"मला तोंडाने सांगायचं होतंस."

"माझं म्हणणं तेव्हा आलेखात घेतलं असतं का तुम्ही?"

नसतं घेतलं. मी तिला तसं सांगितलं. रागवावं असं वाटत होतं, पण राग येईना. जानेवारीत लग्न झालं की ही इथे नसेल, एवढंच सारखं मनात येत होतं, आणि ते कुपवाडच्या पंचवीस मिनिटांच्या अंतराशी जुळत नव्हतं.

तिने माझ्या हातातली पानं घेऊन फडताळावर ठेवली. "आण्णा," ती म्हणाली, "मी गेल्यावर कागद वाचून सही करत जा. आईला टाईप येत नाही."

मी बरं म्हणालो आणि पाणी प्यायला आत गेलो.